कुलपाचं हिमोग्लोबिन

अक्का बंद दाराशी पोचल्या की आधी कुलपाला हात लावायच्या. तुम्ही-आम्ही कुलूप दिसलं की मागं फिरतो. अक्का ते तळहातावर घ्यायच्या, उलटं करायच्या, किल्लीच्या भोकावरची पत्र्याची झाकणी अंगठ्यानं सरकवून आत डोकावायच्या आणि निकाल द्यायच्या. "सकाळीच लावलंय, चारला येतील." किंवा, "ह्याला म्हयना झाला बगा. धुळीवर धूळ बसलीय." मग अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून फॉर्मच्या कोपऱ्यात काहीतरी खरडायच्या, पेन्सिल परत अंबाड्यात, आणि मग ते ठरलेलं वाक्य: "अजून एक खेप मारू."

त्या उन्हाळ्यात हे वाक्य ऐकलं की माझे पाय आपोआप दुखायला लागायचे.

आम्ही म्हणजे आरोग्य पाहणीवाले. तुमच्याही दारी कधीतरी आलो असू. खांद्याला पिशवी, हातात फॉर्मांची थप्पी, "दोनच मिनिटं घेतो" म्हणत पाऊण तास बसणारे. पाणी कुठून आणता, चुलीत काय जाळता, लहान मुलाला शेवटचा ताप कधी आला होता, असं विचारत विचारत शेवटी वजन, उंची, आणि बोटाला सुई टोचून रक्तातलं हिमोग्लोबिन. शहर तेव्हाचं औरंगाबाद. दुष्काळाची वर्षं लागोपाठ चाललेली. नळाला पाणी आलं तर लोक पाहुण्यांना फोन करून कळवायचे, इतकी ती बातमी होती. आणि त्याच वेळी बायपासच्या दोन्ही अंगांना इमारती मात्र भराभर उठत होत्या. कोरड्या गावांतून माणसं येत होती, मोकळी टेकडी दिसेल तिथं पत्रे ठोकून राहत होती. या एकाच शहरात कुठल्या समाजाची, कुठल्या वस्तीची तब्येत कशी आहे आणि त्यांच्यात फरक असेल तर किती, हे आमच्या संस्थेला बघायचं होतं.

हे सगळं नुसतं अहवालापुरतं नव्हतं. संस्थेकडं फिरत्या दवाखान्याची एक गाडी होती. एकच. ती कुठं उभी करायची हे पाहणीतल्या आकड्यांवरून ठरणार होतं. जुन्या शहरातला एक मोहल्ला, बायपासजवळची एक नवी कॉलनी आणि टेकडीवरची पत्र्यांची वस्ती अशा तीन जागा त्यासाठी धरलेल्या होत्या. जिथली तब्येत सगळ्यांत वाईट, तिथं गाडी जाणार, इतका सरळ हिशेब.

मी या कामाचा सुपरवायझर होतो. संख्याशास्त्रात नुकतीच पदवी घेतलेली, घर औरंगपुऱ्यात, वडील कचेरीत हेडक्लार्क, आणि आमचं ऑफिसही औरंगपुऱ्यातच, एका कापडदुकानाच्या माडीवर. म्हणजे उन्हात चालायचा माझा आजवरचा अनुभव घर ते दुकान एवढाच. अक्का फुलंब्रीकडच्या. घरची शेती, पण विहिरीनं तळ दाखवलेला, म्हणून त्या रोज एस.टी.नं शहरात कामाला यायच्या. वय चाळिशीच्या पुढं. आधी काही वर्षं गावच्या बालवाडीत होत्या. शिक्षण दहावी. मला त्या 'सर' म्हणायच्या, आणि ते अशा काही सुरात म्हणायच्या की मला शर्टाची बटणं नीट लागलीत का ते तपासावंसं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वेड लावायची वेळ आणली. झालं असं, की टेकडीवर एका बाईचं वजन घरात घेतलं तेव्हा एक आकडा आला. तीच बाई बाहेर दगडी पायरीवर उभी राहिली तर दुसराच आला. मी म्हटलं, काटा बिघडला. अक्कांनी काटा घरात नेला, पायरीवर आणला, पुन्हा घरात नेला, असं चार वेळा केलं. मग म्हणाल्या, काट्याला काही झालं नाही, जमीन मऊ आहे, काटा त्यात बसतो. मी म्हटलं, थोडाफार फरक चालतो. तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून शांतपणे विचारलं, "आन् कॉलनीत तर समद्या घरात फरशी हाय. मग चूक समदी टेकडीवाल्यांच्याच वजनात येनार का?"

दुसऱ्या दिवशी अक्का सवा फुटाची चौकोनी शहाबादी फरशी घेऊन हजर. ती फरशी त्यानंतर पूर्ण शहर फिरली. दर घरात आधी फरशी मांडायची, तिच्यावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवून ती सपाट आहे का बघायचं, मग काटा, मग माणूस. ज्यांच्याकडं गुळगुळीत मार्बल होतं त्यांच्याकडंही हाच कार्यक्रम. कॉलनीतल्या एका वहिनींनी विचारलं की आमच्या मार्बलला काय झालंय? अक्का म्हणाल्या, काही नाही, हीच फरशी सगळ्यांना. आमच्या रिक्षावाल्याला शेवटपर्यंत वाटायचं की आम्ही कुठंतरी बांधकाम काढलंय आणि फरशी एकेक करून नेतोय.

फॉर्ममध्ये जातीचा आणि धर्माचा रकाना होता. त्याशिवाय कुणाला काय मिळतं आणि कुणाला मिळत नाही हे कळणार कसं? पण तो प्रश्न विचारताना माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मी आवाज खाली आणून, फॉर्मकडं बघत, "आणि... आपलं... समाज?" असं काहीतरी पुटपुटायचो आणि समोरचा माणूस लगेच सावध व्हायचा. अक्कांची रीत वेगळी. त्या आधी स्वतःची जात सांगायच्या, सरळ, गावाचं नाव सांगावं तशी. मग विचारायच्या. "मी माझी सांगितली, आता तुमची सांगा. लिवायला लागतंय." सुईचंही तसंच. प्रत्येक घरात पहिली सुई स्वतःच्या बोटाला. दहा घरं झाली की दहा बोटं संपायची. मग मला म्हणायच्या, "आना सर, तुमचं बोट."

मोहल्ल्यात त्यांची दखनी ऐकायला मी मुद्दाम जवळ उभा राहायचो. एका म्हाताऱ्या आपांनी सुई बघून पदर तोंडावर ओढला आणि म्हणाल्या, "मेरेकू नक्को बाई, मेरे में खून हैच नै." अक्का त्यांच्या शेजारी पलंगावर बसून म्हणाल्या, "हौ आपा, तो वहीच लिखनेकू आयी ना मैं." म्हातारी इतकी हसली की बोट कधी पुढं केलं ते तिलाच कळलं नाही. त्या घरातून आम्ही चहा, खारी आणि सुनेच्या बाळंतपणाची सगळी हकिकत घेऊन बाहेर पडलो. फॉर्ममध्ये त्यातलं निम्मंसुद्धा मावलं नाही.

आता माझ्या पराक्रमाकडं येतो. टाळून चालणार नाही.

आमची घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली असायची. यादीतलं घर म्हणजे तेच घर, शेजारचं चालत नाही. बंद असेल तर तीनदा जायचं, तरी बंदच असेल तर 'घर बंद' असा शेरा मारून पुढं जायचं. मोहल्ल्यात आणि कॉलनीत अशी घरं थोडी निघाली. टेकडीवर मात्र यादीतल्या जवळजवळ निम्म्या दारांना कुलपं. ऑफिसात एक फळा होता, त्यावर कुणाचे किती फॉर्म पूर्ण झाले ते रोज लिहिलं जाई. माझी ओळ सगळ्यांत खाली. मुदत संपत आली होती, आणि पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही हे या कामावरून ठरणार होतं.

एक दिवस अक्का भाच्याच्या हळदीला म्हणून रजेवर होत्या. मी एकटाच टेकडीवर गेलो. एका गल्लीत ओळीनं कुलपं. ऊन तर असं की फॉर्म हातात गरम लागत होता. शेजारच्या घराचं दार उघडं. आत एक बाई तांदूळ निवडत बसलेली. मी विचार केला, तीच गल्ली, तेच पत्रे, बहुतेक तोच समाज. काय फरक पडतो? त्या बाईची माहिती घेतली आणि बंद घराच्या नंबरावर लिहून टाकली. मग पुढचं बंद घर, पुढची शेजारीण. दुपारपर्यंत सगळी गल्ली पूर्ण, दारादारावर खडूनं तसा शेराही. हे चूक आहे हे मला माहीत होतं, आणि कसं चूक आहे तेही मी पुस्तकातून शिकलो होतो, त्यावर चांगले मार्कही मिळवले होते. तरी केलं. संध्याकाळी फळ्यावर माझी ओळ वर सरकली तेव्हा मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

दोन दिवसांनी अक्का आणि मी टेकडीखालच्या टपरीवर चहा पीत होतो. सकाळी त्या एकट्याच वर एक चक्कर मारून आल्या होत्या. बशीत चहा ओतून, तो फुंकत, त्यांनी अगदी सहज विचारलं, "सर, कुलपाचं हिमोग्लोबिन किती भरलं?"

मी म्हटलं, कसलं कुलूप?

"त्या मधल्या गल्लीतलं. म्हयन्याचं कुलूप हाय, आत जाळं धरलंय. अन् दारावर खडूनं 'पूर्ण' लिवलंय, तुमच्या हातानं. म्हून इचारलं."

मी आधी हसलो, मग सारवासारव केली, मग पुस्तकी भाषेत काही बोललो. गल्ली तीच, परिस्थिती तीच, वगैरे. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "शेजारीन दुपारची घरी कशी काय सापडली, ते इचारलं का? तिचा नवरा कंपनीत पर्मनंट हाय. अंगनात नळ हाय. जिचं बरं चाललंय तीच घरी सापडती, सर. जिचं नाय ती सापडंल कशी?"

मी चहा अर्धाच सोडला. माझ्या त्या गल्लीभर फॉर्मांनी टेकडी बरी करून टाकली होती. बायकांच्या रक्ताचे आकडे कॉलनीच्या जवळ जाऊन बसले होते. गाडी टेकडी सोडून दुसरीकडं उभी राहणार होती, आणि ती मी तिथं नेऊन उभी केली असती.

मी त्यांना गयावया केली, कुणाला सांगू नका. त्या म्हणाल्या, "मी कामून सांगू? तुमीच सांगायचं. पर आधी मानसं हुडकू."

मुदतीला आठ दिवस होते. कुलपाआडची माणसं गेली कुठं, हे अक्कांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून काढलं. काही बायका सकाळी उठून बायपासच्या इमारतींवर कामाला जात होत्या. काही टँकरच्या मागावर दुसऱ्या वस्तीत जाऊन दुपारपर्यंत थांबत होत्या. आणि महिनाभराच्या कुलपांची घरं होती ती जोडीनं ऊस तोडायला कन्नडकडं गेलेली.

पहिल्या दिवशी आम्ही एका अर्धवट इमारतीवर फरशीसकट पोचलो. मुकादम अंगावर आला. काम बंद पाडता का, कुणाच्या परवानगीनं, असं बरंच काही. अक्कांनी त्याला सावलीत बसवलं, दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि फुगवला. पारा बघून त्यांनी नुसतं "अरे देवा" म्हटलं. मुकादम गार. त्यानंतर त्यानं स्वतः एकेका बाईला हाक मारून काट्यावर उभं केलं आणि मधेमधे अक्कांना विचारत राहिला की मीठ अगदीच बंद करू का. वाळूच्या ढिगाशेजारी फरशी मांडून आम्ही जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांची तपासणी उरकली. ज्या बायका रोज दहा-दहा मजले पाट्या वाहत होत्या, त्यांच्या रक्ताचा थेंब पाण्यासारखा फिका होता. मी आकडे लिहीत गेलो.

टँकरच्या रांगेत माझी जास्त फजिती झाली. रांग सोडून कुणी बाई प्रश्नांना उत्तरं द्यायला तयार नव्हती, आणि का असावी? अक्कांनी तोड काढली. बाई त्यांच्याशी बोलायला बाजूला येणार आणि तिचा हंडा घेऊन रांगेत मी उभा राहणार. एका बाईचं झालं की दुसरीचा हंडा. औरंगपुऱ्यातला पदवीधर पोरगा दोन तास हंडे सांभाळत पुढं सरकतोय, हे बघायला आजूबाजूच्या गल्ल्या लोटल्या. एक आजी म्हणाल्या, नवरा असावा तर असा. अक्कांनी तेही ऐकलं आणि ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलं.

कन्नडला आम्ही एस.टी.नं गेलो आणि तिथून जीपनं. जीपमध्ये जागा नव्हती, त्यामुळं फरशी पूर्ण रस्ता माझ्या मांडीवर. साखर कारखान्याच्या अलीकडं उसाच्या पाचटाच्या खोपी होत्या. टेकडीवरची पाच-सात घरं तिथं एका ओळीत सापडली, अगदी आपापल्या शेजाऱ्यांसकट. अक्कांना बघून एक बाई कोयता खाली ठेवून बघतच राहिली. ती म्हणाली, "इतक्या लांब आमाला मोजाया आलात? गावात म्हनत्यात, ते शहरात गेले. शहरात म्हनत्यात, ते गावाकडचे. आमी कुठंच नसताव बगा." ती हसत बोलत होती. तिचं हिमोग्लोबिन मी यंत्रावर दोनदा बघितलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं यंत्रच बंद पडतंय. अक्कांनी तिला तिथंच चिठ्ठी लिहून दिली, नवऱ्याला बोलावून तालुक्याच्या दवाखान्यात उद्याच न्यायचं कबूल करवून घेतलं, आणि कबूल केल्याची खूण म्हणून त्याच्या मुकादमालाही साक्षीला उभं केलं.

परतीच्या एस.टी.त मी विचारलं की एवढा आटापिटा तुम्ही का करता. मला वाटलं होतं त्या चेष्टेनं काहीतरी बोलतील. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमचं घर मळ्यात, गावाभाईर. लस टोचनारे यायचे, ते पारावर बसूनच वही भरायचे. आमच्या नावापुढं लिवायचे, 'घर बंद'. घर कवा बंद नव्हतं. थोरली माझी गोवरानं गेली. चार वर्साची होती." मग फुलंब्रीकडचा फाटा आला तेव्हा त्या म्हणाल्या, फरशी नीट धरा, कोपरा उडंल.

दुसऱ्या दिवशी मी माडीवर गेलो आणि आमच्या मोठ्या सरांना सगळं सांगितलं. ते मितभाषी डॉक्टर होते. त्यांनी माझे जुने फॉर्म आणि नवे फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी मांडायला लावले आणि दोन्हींची बेरीज मलाच करायला लावली. नव्या फॉर्मांचा आकडा कितीतरी खाली निघाला. मग त्यांनी एवढंच विचारलं की नवे फॉर्म ग्राह्य धरायचे कसे, माणसं तर घरी सापडली नव्हती, नियमात घर आहे. माझ्या मागं अक्का उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, मानसं मोजायची हायेत का दारं?"

नवे फॉर्म धरले गेले. माझं सुपरवायझरपण गेलं. ते अक्कांना देऊ केलं तर त्यांनी नको म्हटलं, बसून बसून गुडघे धरतात असं कारण देऊन. पाहणी संपेपर्यंत मी त्यांच्या हाताखाली होतो आणि माझ्याकडं अधिकृतपणे फरशी वाहायचं काम होतं. आयुष्यात मी जे काही शिकलो त्यातलं बरंचसं त्या उन्हाळ्यातलं आहे. पाठदुखीही तेव्हाचीच.

गाडी टेकडीवर गेली. आठवड्यातून दोन दिवस, आणि अक्कांच्या हट्टामुळं बायका कामावर जायच्या आधी, सकाळी सहाला. पुढं काही वर्षांनी संस्थेचं काम आटोपलं आणि गाडीही थांबली, ती गोष्ट खरी. पण तोवर टेकडीवरच्या बायका स्वतःच्या रक्ताचा आकडा एकमेकींना विचारायला लागल्या होत्या. नळावर भांडण झालं तरी त्यात आकडा निघायचा. पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं तशा अक्का शेतीकडं परतल्या. मी याच धंद्यात राहिलो. वर्षातून एकदा हुरड्याला त्यांच्या मळ्यात जायचो. मग तेही सुटलं. का सुटलं याला काही कारण नाही, आणि त्याचंच वाईट वाटतं.

अलीकडं फुलंब्रीकडच्या काही गावांत म्हाताऱ्या माणसांची पाहणी निघाली. गावात साठीच्या पुढचं प्रत्येक माणूस मोजायचं. आता मोठे सर मीच. आलेले फॉर्म चाळत होतो, तर एका नव्या कार्यकर्तीच्या फॉर्मवर अक्कांचं नाव. पत्ता मळ्यातला. सगळे रकाने भरलेले, वजनाच्या ठिकाणी मात्र शेरा: 'उभं राहता येत नाही. घेतलं नाही.' मी वजनकाटा उचलला आणि गाडी काढली.

अक्का खाटेवर होत्या. कमरेचं हाड मोडल्याला वर्ष झालं होतं आणि त्यानंतर त्या उठल्याच नव्हत्या. पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटतच नव्हतं, आवाज मात्र होता तसाच. मला ओळखून त्यांनी पहिली तक्रार केली, "ती पोरगी चांगली होती, समदं नीट इचारलं. पर माझं वजन न घेता गेली. मी बोलले तिला, तर म्हनली, चालतं मावशी." मी म्हटलं, तसा नियम आहे अक्का, ज्यांना उभं राहता येत नाही त्यांचं राहू द्यायचं. त्यांनी माझा हात धरला.

"सर, मला सोडू नका."

तान्ह्या मुलांचं वजन आम्ही आईला काट्यावर उभं करून घेतो. मूल कडेवर घेऊन एकदा, आईचं एकटीचं एकदा, आणि मग वजाबाकी. मी त्यांच्या मुलाला तसं सांगितलं. त्यानं पांघरूण बाजूला केलं, आईला दोन्ही हातांवर उचललं आणि काट्यावर उभा राहिला. सुनेनं आकडा वाचला, मी लिहिला. आता त्याचं एकट्याचं घ्यायचं होतं. पण तो काही त्यांना खाली ठेवेना, सारखं उचल-ठेव केलं की कंबर दुखते म्हणाला. तेव्हा मी हात पुढं केले आणि त्यानं अक्कांना माझ्या हातांवर दिलं.

तो काट्यावर जाऊन उभा राहिला. सून खाली वाकून आकडा बघत होती. मी अक्कांना घेऊन त्यांच्याच अंगणात उभा होतो आणि त्या माझ्या खांद्यावरून मुलाकडं बघत सूचना देत होत्या, सरळ उभा ऱ्हा, हलू नको, चपला काढल्या का. सुनेला आकडा लागायच्या आधीच मला उत्तर कळलं होतं.

"लिवलं का?" त्यांनी विचारलं. लिहिलं, मी म्हटलं.

अहवाल छापून आला तेव्हा अक्का नव्हत्या. त्यात गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांच्या वजनाचा एक तक्ता आहे. मीटिंगमध्ये तो पडद्यावर लागतो, लोक बघतात, कुणीतरी म्हणतं की फुलंब्रीकडची सरासरी जरा कमी दिसतेय. मी हो म्हणतो आणि पुढं बोलायच्या आधी माझे दोन्ही हात टेबलाखाली नेतो, कारण तेवढा वेळ ते त्या वजनानं भरलेले असतात.